लेकीचं विरजण

“उज्ज्वला, डबा उघड तुझा.”

हेरवाडकर सरांनी हे सगळ्या प्रयोगशाळेसमोर म्हटलं. मी तेव्हा तिशी ओलांडलेली, पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यावर, आणि सर मला शाळकरी पोरीसारखा डबा उघडायला लावत होते. उघडला. दोन भाकऱ्या, घेवड्याची भाजी आणि छोट्या स्टीलच्या डबीत दही.

“हे दही कुठलं?”

“घरचं सर. म्हणजे इथं खोलीवर मीच लावते. विरजण आईचं.”

“आणि हा डबा तू कुठं खातेस?”

“बाहेर व्हरांड्यात. आत कधी नाही. तुम्ही स्वतः बघता की रोज.”

“व्हरांड्यात खातेस आणि आत येऊन नमुन्यांना हात लावतेस,” सर म्हणाले, आणि त्यांनी माझ्यासमोर दोन कागद आपटले.

सर तसे न्यायी माणूस होते. पण जिभेला तिखट. त्यांच्या हाताखाली कोल्हापुरात चार वर्षं काढलेली मी, मला त्यांची सवय होती. तरी त्या दिवशी नाकाला मिरच्या झोंबल्याच. मी कागद उचलून बघितले.

कागदांवर काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. माझा विषय होता दह्यातले जिवाणू. या जिवाणूंच्या अंगावर प्रथिनांचे बारीक आकडे, म्हणजे हुक, असतात. त्या आकड्यांनी ते एकमेकांना धरतात, आतड्याला धरतात. आकडे तयार होतात आत, पण राहावे लागतात बाहेर, पेशीच्या भिंतीवर. नुसते बाहेर ढकलले तर वाहून जातील. म्हणून जिवाणूकडे एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, सॉर्टेज नावाचं. प्रत्येक आकड्याच्या शेपटाजवळ पाच अक्षरांची एक खूण असते. सॉर्टेज ती खूण ओळखतं, तिथं कातरतं आणि उरलेला आकडा भिंतीला पक्का टाचून टाकतं. शिंपी सदऱ्याला गुंडी लावतो तसं. मी गावोगावचं दही गोळा करून त्यातल्या सॉर्टेजचं जनुक वाचत होते.

पहिला नमुना अर्थातच आईच्या दह्याचा. सगळे घरूनच सुरुवात करतात. आमच्या दह्याची खोड अशी की त्यातल्या सॉर्टेजच्या जनुकात एक तुकडा दोनदा आलेला होता, उतरवून घेताना एकच ओळ दोनदा लिहावी तसा. त्यामुळे हा शिंपी जरा जास्तच गुंड्या लावत सुटायचा. जिवाणू एकमेकांना घट्ट धरून बसायचे आणि दह्याची वडी पडायची. आईचं दही सुरीनं कापता यायचं ते त्यामुळं. ही खोड दुसऱ्या कुठल्याच दह्यात सापडली नव्हती.

आता ती सापडली होती. एकेचाळीस नंबरच्या नमुन्यात. परभणीकडच्या कुठल्याशा खेड्यातून आलेल्या.

“परभणीच्या दह्यात तुझ्या आईचं सॉर्टेज,” सर म्हणाले. “अशी चूक योगायोगानं दोनदा होत नाही. म्हणजे तुझं दही नमुन्यात सांडलंय. एकात सांडलं तर बाकीच्यांत कशावरून नाही? तुझ्या चार वर्षांच्या कामावर मी सही कशी करू, सांग मला.”

डबीतलं दही मी तसंच नेऊन बेसिनमध्ये ओतलं.

खोलीवर जाऊन मी डोकं लढवत बसले. सांडलं नव्हतं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मग आमचं विरजण परभणीला गेलं कसं? कारण आमच्याकडं विरजण कुणाला देतच नसत. इतरांकडं दिवे लागल्यावर देत नाहीत, आमच्याकडं दिवसाढवळ्याही नाही. ताक हवं तेवढं न्या, दही पोटभर खा, पण विरजण म्हणून चमचाभरसुद्धा मागू नका. ते फक्त लेकीला, सासरी निघताना. माझ्या आजीची ही रीत, आजीच्या आईची हीच. शेजारणी नावं ठेवायच्या, पण आजी ढिम्म हलायची नाही.

आजीला दोन लेकी. थोरली माझी आई इंदू, धाकटी शेवंता. मुलगा नाही. आजी-आजोबा गेले तसं त्या घराला कुलूप लागलं. राहिली आई. आणि शेवंतामावशी तर मी सात वर्षांची असतानाच गेली होती.

मावशी दिलेली आमच्या गावापासून दोन कोसांवर, वेदगंगेच्याच काठाला. नवरा गावचा पुढारी, घर मोठं, आणि त्या मोठ्या घरात तिचे हाल कुत्रा खात नव्हता. आई सांगायची, पहिल्याच दिवशी सासूनं तिच्या हातातलं विरजणाचं गाडगं घेतलं आणि म्हणाली, “आमच्यात दूध नासतंय व्हय गं, म्हणून आणलंस?” आणि सगळ्यांदेखत उकिरड्यात ओतलं. ही तर सुरुवात. पुढं नवरा हात टाकायला लागला. मावशी दोनदा माहेरी पळून आली, दोन्ही वेळा आजोबांनी तिला परत नेऊन घातलं. दिल्या घरी सुखी राहा म्हणाले.

मग एका दिवाळीनंतर तिच्या चपला डोहाच्या काठाला सापडल्या. मावशी सापडली नाही. माझे बाबा, आणखी चार-पाच पोहणारे, दिवसच्या दिवस त्या डोहात बुड्या मारत होते. गळ टाकले, काही लागलं नाही. सासरच्यांनी तेरावं घातलं आणि वर्षाच्या आत नवऱ्यानं दुसरी आणली.

मला मावशी आठवते ती दही खाताना. लहान मुलासारखी तळहातावर घेऊन चाटायची, मलाही तशीच द्यायची. तिला दही लागायचं गोड. जरा कुठं आंबट झालं की नाक मुरडायची आणि म्हणायची, “ताई, हे तुझ्या नवऱ्याला घाल.”

आणि एक आठवतं. दर पितृपक्षात अविधवा नवमीला आमच्याकडं भांडण व्हायचं. आत्या म्हणायची, शेवंताचं पान वाढ, तिला कोण आहे दुसरं. आई म्हणायची, नाही वाढणार. “सासरचे वाढतील नाहीतर न वाढतील, मी वाढणार न्हाई.” सगळं गाव म्हणायचं, इंदूनं बहिणीचं मरण मनाला लावून घेतलंय. मीही तेच समजत होते.

सरांनी एक मात्र केलं. मला काढून टाकलं नाही. परभणीहून ताजा नमुना मागवला आणि म्हणाले, “या वेळी तू हात लावायचा नाहीस. त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकायचं नाहीस.” दुसऱ्या विद्यार्थ्यानं सगळं केलं. मी बाहेर बाकावर बसून राहायचे, डबाही बंद केला होता. उपाशी राहायचे पण दही आणायचे नाही. दुधानं पोळलेलं तोंड म्हणतात ते हेच.

काही आठवड्यांनी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. बस म्हणाले. चहा मागवला. सरांनी कुणाला चहा पाजल्याचं माझ्या तरी ऐकिवात नव्हतं, मला वाटलं आता हाकलणार, म्हणून गोड बोलतायत.

“माझी चूक झाली,” सर म्हणाले. “तुझं दही सांडलं नव्हतं.”

“म्हणजे खोड नाही त्यात?”

“खोड आहे. तीच आहे, त्याच जागी. म्हणून मी दोन्ही जिवाणूंची सगळीच्या सगळी जनुकं वाचून घेतली, बाहेरच्या प्रयोगशाळेतून. आता नीट ऐक. तुझ्या डब्यातलं सांडलं असतं तर अक्षरन् अक्षर सारखं आलं असतं. इथं फरक आहेत. थोडेच आहेत, पण आहेत. कुणीतरी रोज दही लावतं, रोज जिवाणू वाढतात, रोज नव्यानं उतरवून घेणं होतं आणि अधूनमधून चुका होतात. त्या साठत जातात. इकडच्या वेगळ्या, तिकडच्या वेगळ्या.”

“मग?”

“मग दोन्ही दही एकाच गाडग्यातली, पण एकमेकांपासून तुटून बरीच वर्षं झालीत. अंदाजच आहे माझा. पण वीस-पंचवीस वर्षं धर. तुमच्या घरातून तिकडं कोण गेलं होतं गं तेव्हा? कुणाची लेक दिलीय का परभणीकडं?”

माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी खाली ठेवायला गेले तर बशी सापडेना. सरांनीच तो हातातून काढून घेतला.

“सर,” मी म्हणाले, “तेव्हा आमच्यातून एकच बाई गेली. ती नदीत गेली.”

सर माझ्याकडं बघत राहिले. मी त्यांच्याकडं. मग ते एवढंच म्हणाले, “घरी जा तू आज.”

मी घरी गेले नाही. मी आधी फोन लावला डॉक्टर सय्यदांना. हे परभणीकडचे पशुवैद्य, तिकडचे नमुने तेच गोळा करून पाठवत. मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं, फोनवरची ओळख.

“एकेचाळीस नंबर ना?” ते हसले. “ती बाई लई कडक हो मॅडम. दोनदा गेलो, दोनदा तीच कटकट. म्हणते, खायला नेत असाल तर डबाभर न्या, विरजण म्हणून चमचाभर देणार नाही. म्हटलं, बाई, तपासायला पाहिजे. म्हणते, तपासा आणि टाकून द्या, दुधात घालायचं नाही. शपथ घातली मला.”

“का म्हणून देत नाही, काही बोलली का?”

“बोलली ना. आमच्यात विरजण लेकीलाच देतात म्हणे. दुसऱ्या कुणाला न्हाई.”

“डॉक्टर, नाव काय हो त्यांचं?”

“ते नाही सांगता येणार, मॅडम. नावं सांगायची नाहीत, असा तुमच्याच सरांचा नियम आहे. शब्द देऊन दही घेतो मी लोकांकडून.”

“वय तरी?”

“असेल पन्नाशीच्या घरातली. का हो, काही रोग निघाला का दह्यात?”

“नाही,” मी म्हणाले. “मला अजून एक डबा पाहिजे. लवकरात लवकर.”

डबा एसटीनं आला. रात्रभर आणि निम्मा दिवस प्रवास करून. मी तो स्टँडवर घेतला आणि प्रयोगशाळेत न जाता तशीच गावाकडची गाडी पकडली. मांडीवर डबा, त्याला फडक्याची गाठ, आणि मनात एकच घोकणं: आईला सांगायचं कसं. आईचं वय झालेलं, रक्तदाबाची गोळी चालू. बाबा जाऊन तीन वर्षं झालेली, घरात ती एकटी. एकदम सांगितलं तर कोसळेल. आधी पाणी द्यायचं, मग बसवायचं, मग हळूहळू. आनंदाच्या भरात मी बाकी काही विचारच केला नाही. मावशी जिवंत आहे, मावशी जिवंत आहे, गाडीच्या चाकांबरोबर तेवढंच चाललं होतं.

पोचले तेव्हा उन्हं कलली होती. आई परसात वाळवणाची ज्वारी भरत होती. मी तिला हाताला धरून स्वयंपाकघरात आणलं, पाटावर बसवलं, पाणी दिलं. आणि मग सगळं ठरवलेलं विसरून भडाभडा बोलून टाकलं. सॉर्टेज, दोनदा आलेली ओळ, परभणी, वीस-पंचवीस वर्षं, लेकीलाच देतात म्हणणारी बाई.

“आई, शेवंतामावशी जिवंत आहे.”

आई उठली. तिनं परसदाराला कडी घातली. मग जाऊन पुढच्या दाराला घातली. परत येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

“हळू बोल,” ती म्हणाली. “कुणाकुणाला सांगितलंस?”

ही रडेल, किंचाळेल, वेड लागलं का म्हणेल, सगळं मी धरून चालले होते. हे नव्हतं धरलेलं.

“आई, तुला कळलं का मी काय म्हणाले ते?”

“कळलं. कुणाकुणाला सांगितलंस?”

“सरांना. पण त्यांना मावशीचं नाव-गाव काही माहीत नाही.”

“आणि आपल्या गावात?”

“कुणाला नाही. थेट तुझ्याकडं आले.”

तेव्हा कुठं ती खाली बसली. पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि रडली. आवाज बाहेर जाऊ न देता रडायची तिला सवय असावी, इतकं ते सफाईनं चाललं होतं. आणि तिच्याकडं बघता बघता, ज्याचा मी गाडीत विचार केला नव्हता ते माझ्या डोक्यात आलं.

“आई,” मी म्हणाले, “मावशीचं विरजण तर सासूनं उकिरड्यात ओतलं होतं. पहिल्याच दिवशी.”

तिनं पदर आणखी घट्ट दाबून धरला.

“मग ती परभणीला काय घेऊन गेली?”

आईनं पदर तोंडातून काढला. डोळे पुसले.

“मी दिलं,” ती म्हणाली.

चूल, फडताळ, भिंतीवरचा बाबांचा फोटो, सगळं जागच्या जागी होतं आणि माझ्या ओळखीचं काही राहिलं नव्हतं.

“ती आली होती,” आई सांगायला लागली. “मागच्या दारानं. दुपारची. तुझे बाबा गुऱ्हाळावर, तू शाळेत. तिचा हात असा लोंबत होता बघ. मला म्हणाली, ताई, आता नदीला जाते, म्हणून तुला भेटायला आले. मी म्हटलं, नदीला जाच तू. पण पाण्यात न्हाई. बंधाऱ्यावरनं पल्याड जा. तिकडनं निपाणीची गाडी मिळती, तिथनं पुढं वाट फुटंल तिकडं.”

“आणि विरजण?”

“पंच्याची पट्टी फाडली, दह्यात बुडवली, परसात उन्हाला टाकली. ती वाळंस्तवर तिला जेवू घातलं, हात बांधला. माझं लुगडं नेसवलं. पट्टी पुरचुंडीत बांधून दिली. म्हटलं, जिथं थांबशील तिथं वाटीभर दूध घे आणि ही त्यात टाक. आईनं तुला दिलेलं त्या बाईनं उकिरड्यात घातलं, आता मी देते. सासरी चाललीस असं समज.”

“चपला?”

“त्या मी ठेवल्या डोहावर. तिच्या पायात माझ्या घातल्या. तुझ्या बाबांनी विचारलं, चपला कुठं गेल्या तुझ्या, म्हटलं कुत्र्यानं पळवल्या. दुसऱ्या बाजारी नव्या आणून दिल्या त्यांनी.”

मला डोहातले बाबा आठवले. ओले, थंडीनं काकडलेले, डोळे लाल झालेले. काठावर शेकोटी, आणि आई त्यांना चहा देतेय.

“आई, बाबा दिवसच्या दिवस त्या पाण्यात उतरत होते.”

“व्हय.”

“तू काठावर उभी होतीस. रडत होतीस.”

“ते काय खोटं न्हवतं. माझी बहीण गेलीच होती की.”

“त्यांना नंतर तरी सांगितलंस?”

“न्हाई. ते साधे होते, उज्जू. त्यांच्या तोंडावर दिसलं असतं. तिचा नवरा आठवड्यातनं एकदा येऊन बसायचा इथं, सोप्यात. गप्पा मारायच्या निमित्तानं. घरात कुणाचं तोंड कसं हाय ते बघून जायचा. तुझे बाबा जाईपर्यंत मी बोलले न्हाई.”

मला राग आला होता का? आला होता. बाबांसाठी आला, माझ्यासाठी आला. इतकी वर्षं एका ताटात जेवलो आम्ही आणि ही बाई हे पोटात घेऊन बसली होती. पण त्या रागाला तोंड फुटेना, कारण आईनं लगेच मला विचारलं:

“परभणी म्हणजे लई लांब का गं?”

“तुला माहीत नव्हतं ती कुठं गेली?”

“मीच म्हटलं, मला सांगू नको. ठाऊक असलं तर मारून-बडवून काढून घेतील. पत्र नको, निरोप नको. जगलीस तर विरजण जगवशील, न्हाई जगलीस तर ते बी मरंल. तेवढंच बोलले. त्यावर ती गेली.” आईनं नाक पुसलं. “जगली का मेली, मला काय ठाऊक? अविधवा नवमीला तुझी आत्या म्हणायची, पान वाढ. जित्या माणसाचं पान वाढतात व्हय? म्हणून वाढलं न्हाई. आणि दर साली वाटायचं, मेली असली तर? उपाशी राहिली असंल की माझ्यामुळं.”

आता बरीच वर्षं झाली या गोष्टीला. मावशीचा नवरा गेला, मागल्या साली आईही गेली, म्हणून हे सांगायला हरकत नाही. तेव्हा मात्र तो जिवंत होता, आणि दारासमोरून जाताना अजून आमच्या सोप्यात डोकावायचा.

“सय्यदांना विचारू का पत्ता?” मी म्हणाले. “सांगतील ते. मी गळ घालते.”

“नको.”

“आई, तुला भेटायचं नाही तिला?”

“नको म्हटलं ना. तू जाशील, मग मी जाईन, मग तो माझ्या मागनं येईल. जिचं तेरावं झालंय ती बरी हाय तशी.” मग तिला काहीतरी सुचलं. “ते तुझे सर हे छापणार हायत का?”

“छापायचं म्हणतात.”

“त्यात गावाचं नाव घालायचं न्हाई. परभणी बी घालायचं न्हाई. शपथ हाय तुला.”

“नाही घालणार.”

सर नंतर माझ्यावर चिडले, पण नाव घातलं नाही. नमुना कुठला, हे कुणी विचारलं तर ते आजही ‘मराठवाड्यातला’ एवढंच म्हणतात.

मी पिशवीतून डबा काढला आणि आईसमोर ठेवला. काय आहे, असं तिनं विचारलं नाही. उठून चूळ भरली, हात धुतले, पदराला पुसले. मग फडक्याची गाठ सोडली. झाकण काढलं.

प्रवासात पाणी सुटलं होतं, तरी मधली वडी शाबूत होती. आईनं बोटानं वडीची कड दाबली. तिनं चमचा घेतला नाही. मावशी घ्यायची तसं तळहातावर घेतलं आणि चाटलं. डोळे मिटून बराच वेळ तोंडात धरलं.

“आंबट लावलंय,” ती म्हणाली.

मी झाकण हातात घेतलं.

“शेवंताला आंबट चालत नव्हतं. कधीच न्हाई. एकटी असती तर गोडच लावलं असतं तिनं, आंबायच्या आत खाऊन मोकळी झाली असती.” तिनं पुन्हा तळहात चाटला. “घरात आंबट खाणारं कुणीतरी हाय गं. कुणासाठी तरी लावती ती. एकटी न्हाई.”

डबा रात्रभर आणि निम्मा दिवस एसटीत होता. नंतर कोल्हापूर स्टँडवरच्या उन्हात, मग दोन तास माझ्या मांडीवर. तेवढ्या वेळात कुणाचंही दही आंबतं, कितीही गोड लावलेलं असो. हे कळायला पीएचडी लागत नाही. आईनं माझ्याकडं बघितलं. तिला माझ्याकडून काहीतरी ऐकायचं होतं, मी शिकलेली होते ना.

“हो,” मी म्हणाले. “असणारच कुणीतरी.”

“बघ, म्हटलं न्हवतं?” आई म्हणाली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तिच्या तोंडावर ते दिसलं, जे ती बाबांच्या तोंडावर दिसेल म्हणून भीत होती.

बाहेर संधिप्रकाश पडायला लागला होता. आईनं डब्यातलं चमचाभर दही वाटीत काढून बाजूला ठेवलं.

“दिवे लागायच्या आत लावू या,” ती म्हणाली. “आण ते दूध.”

मी चुलीवरून दुधाचं पातेलं उतरवलं आणि तिच्यापुढं ठेवलं.